आधीं केलेला हिशेब आणि वेळेवर केलेला हिशेब

कोणत्याहि हिशेबाला दोन वेळा असूं शकतात: प्रसंग येण्यापूर्वींची आणि प्रसंग आल्यावरची. जुन्या शाळांतून मुलांकडून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेत असत, ती ह्याच भेदावर दृष्टि ठेवून. दुकानाच्या पायरीवर उभें राहून साडेसात शेरांची किंमत बोटांवर मोजीत बसण्यापेक्षां ती मेहनत एकदां शाळेंत करून ठेवावी आणि दुकानांत नुसतें उत्तर उच्चारावें, एवढाच त्या घोकंपट्टीचा हेतु. पंचांगकर्तेहि तेंच करितात. वर्षभराच्या तिथि, नक्षत्रें आणि सूर्योदय ते आधींच मांडून ठेवितात, म्हणून घरांतील माणसाला चतुर्थी केव्हां लागते हें पाहण्यासाठीं ज्योतिर्गणित शिकावें लागत नाहीं. संगणकाच्या शास्त्रांत हाच भेद आज फार महत्त्वाचा होऊन बसला आहे. आणि तेथें तो करण्यांत चूक झाली तर केवढें नुकसान होतें, ह्याचें एक उदाहरण साऱ्या जगानें १९९६ सालीं पाहिलें.

संगणकाच्या यंत्राला कळते ती केवळ अंकांची भाषा. माणूस आपला प्रोग्रॅम लिहितो तो मात्र कांहीं शब्द आणि कांहीं बीजगणिती चिन्हें ह्यांच्या मिश्र भाषेंत. ह्या दोहोंच्या मध्यें जो दुभाष्या उभा असतो, त्याला कंपायलर असें नांव आहे. हा दुभाष्या म्हणजे कोणी मनुष्य नव्हे. तोहि एक प्रोग्रॅमच. तो मूळ लिखाण आरंभापासून शेवटपर्यंत वाचतो, त्यांतील व्याकरण तपासतो, आणि यंत्राच्या भाषेंत त्याचें रूपांतर करून ठेवितो. हें काम झालें म्हणजे प्रोग्रॅम चालविण्यास सिद्ध होतो. तेव्हां प्रत्येक प्रोग्रॅमच्या आयुष्यांत दोन काळ आले: एक भाषांतराचा, दुसरा प्रत्यक्ष चालण्याचा. भाषांतर बहुधा एकदांच होतें. चालणें मात्र हजारों ठिकाणीं आणि लक्षावधि वेळां होतें. म्हणून जें काम पहिल्या काळांत उरकतां येईल, तें दुसऱ्या काळावर ढकलूं नये, असा विचार सहजच पुढें आला.

एक अगदीं साधें उदाहरण घ्यावें. एखाद्या प्रोग्रॅममध्यें दिवसाचे सेकंद हवे आहेत, आणि लिहिणाऱ्यानें ते चोवीस गुणिले साठ गुणिले साठ असे मांडले आहेत. वाचणाऱ्याच्या सोयीसाठीं तसें लिहिणेंच बरें. परंतु हे तीनहि अंक कधीं बदलणारे नाहींत. मग यंत्रानें प्रत्येक खेपेस दोन गुणाकार कां करावे? कंपायलर भाषांतर करतांनाच ते गुणाकार करितो आणि त्या जागीं ८६,४०० हा एकच अंक लिहून मोकळा होतो. ह्याच्या उलट, बँकेच्या प्रोग्रॅममध्यें खातेदारानें आज काढलेली रक्कम कंपायलरला कशी कळावी? तो खातेदार त्या वेळीं बँकेंत आलेलाहि नसतो. ती वजाबाकी चालण्याच्या वेळींच व्हावयाची. ज्ञात तें आधीं आणि अज्ञात तें वेळेवर, हें ह्या शास्त्रांतील पहिलें सूत्र होय.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील विदुषी ग्रेस हॉपर (१९०६–१९९२) ह्यांनीं १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठीं ए-झीरो नांवाची व्यवस्था तयार केली, आणि कंपायलर हा शब्द रूढ झाला. पुढें आय. बी. एम. कंपनींतील जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं फोरट्रान ही भाषा सिद्ध केली, व १९५७ सालीं ती गिऱ्हाइकांच्या हातीं दिली. त्या काळीं जाणत्या लोकांची अशी समजूत होती कीं, यंत्रानें केलेलें भाषांतर मनुष्यानें हातानें लिहिलेल्या यंत्रभाषेइतकें चपळ कधींच असणार नाहीं. बॅकस ह्यांच्या मंडळीला हें पक्कें ठाऊक होतें कीं, ती समजूत खोटी पाडली नाहीं तर ही भाषा कोणी वापरणार नाहीं. म्हणून त्यांनीं आपल्या कंपायलरला केवळ शब्दाला शब्द ठेवण्यास न शिकवितां, मूळ लिखाणाचा अभ्यास करून त्यांतील व्यर्थ श्रम आधींच काढून टाकण्यास शिकविलें.

ह्याच सुमारास, १९५८ पासून, जॉन मॅकार्थी ह्यांनीं लिस्प भाषा उभारली. तिचा ओढा अगदीं निराळा होता. तिच्यांत प्रोग्रॅम आणि त्याला पुरविलेली माहिती हीं दोन्हीं एकाच घाटाचीं असतात. त्यामुळें चालतां चालतां नवा प्रोग्रॅम रचणें आणि लागलीच तो चालविणें शक्य होतें. अशा भाषेंत पुष्कळसे निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत मोकळे ठेवितां येतात. वेग थोडा जातो, पण लवचिकपणा लाभतो. तेव्हांपासून आजवर भाषा रचणारे ह्या दोन टोकांच्या मध्यें आपापली जागा शोधीत आले आहेत.

आधींच्या हिशेबाची शक्ति किती आहे हें कधीं कधीं भाषा रचणारांनाहि ठाऊक नसतें. सी प्लस प्लस भाषेंत टेंप्लेट नांवाची एक सोय होती. एकाच सांच्यांतून निरनिराळ्या जातींच्या वस्तु काढाव्या, इतकाच तिचा उद्देश. १९९४ सालीं एर्विन उन्रू ह्यांनीं त्या भाषेचे नियम ठरविणाऱ्या समितीपुढें एक विलक्षण प्रोग्रॅम ठेविला. त्याचें भाषांतर पुरें होतच नसे. परंतु कंपायलर चुकांची जी यादी छापी, तिच्यांत मूळ संख्या ओळीनें येत! म्हणजे प्रोग्रॅम एकदांहि न चालतां भाषांतराच्या काळांतच गणित झालें होतें. ही युक्ति आडवाटेची होती आणि वाचण्यास अति क्लिष्ट होती. तेव्हां २०११ च्या नियमांत कॉन्स्ट-एक्स्प्र नांवाचा शब्द घालून ह्या कामाला राजमार्ग करून देण्यांत आला. २०१४ त त्यावरील बंधनें सैल झालीं. आणि २०२० त कॉन्स्ट-इव्हॅल हा शब्द आला, ज्याचा अर्थ, ‘हा हिशेब भाषांतराच्या वेळींच झाला पाहिजे’. झिग नांवाच्या नव्या भाषेंत तर ह्यासाठीं निराळी उपभाषा ठेविलेली नाहीं. नेहमींच्याच वाक्यामागें कॉम्पटाइम हा शब्द लिहिला म्हणजे तें वाक्य आधीं उलगडलें जातें.

ह्यांत लाभ केवळ वेगाचा नाहीं. आधीं हिशेब केला म्हणजे चूकहि आधींच सांपडते. सी प्लस प्लसमध्यें एखादी बेरीज ठराविक घरांत मावली नाहीं, तर चालण्याच्या वेळीं काय होईल ह्याची भाषा कांहींच हमी देत नाहीं. चुकीचें उत्तर गुपचूप पुढें जाऊं शकतें. तीच बेरीज भाषांतराच्या वेळींच करावी असें बंधन घातलें असेल, तर कंपायलर तेथेंच अडून बसतो आणि लिहिणाऱ्याला दोष दाखवितो. गिऱ्हाइकाच्या घरीं उघडकीस येणारी चूक कारखान्यांतच पकडली जाते.

मग सर्वच काम आधीं कां करूं नये? एक अडचण तत्त्वाचीच आहे. ॲलन ट्युरिंग ह्यांनीं १९३६ सालीं असें सिद्ध केलें कीं, कोणताहि प्रोग्रॅम हातीं दिला असतां तो कधीं थांबेल कीं नाहीं हें निश्चित सांगणारी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं. म्हणून आधीं हिशेब करणाऱ्या कंपायलरलाहि तो हिशेब संपेल कीं नाहीं हें नेहमीं कळत नाहीं. त्यावर उपाय म्हणून मर्यादा घालावी लागते. एका क्रियेनें दुसरीला, दुसरीनें तिसरीला हांक मारावी, अशी ही सांखळी निदान ५१२ पायऱ्यांपर्यंत तरी चालूं द्यावी, अशी सी प्लस प्लसच्या नियमग्रंथाची शिफारस आहे. झिगमध्यें मागें वळण्याची मर्यादा मुळांत १,००० इतकीच असते, आणि लिहिणाऱ्यानें मागितल्यास ती वाढवून मिळते.

दुसरी अडचण अधिक नित्याची आहे. सी भाषेंत तारीख देणारें एक संक्षिप्त चिन्ह आहे. नवशिक्याला वाटतें, तें आजची तारीख देईल. पण तें देतें ती भाषांतराच्या दिवसाची! प्रोग्रॅम पुढें पांच वर्षांनीं चालविला तरी तीच तारीख उमटत राहील. उत्तर खोटें नव्हे. तें दुसऱ्याच वेळीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आहे.

ह्याहून गंभीर तें १९९६ चें उदाहरण. त्या वर्षीं ४ जून रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून आरियान-५ ह्या युरोपियन अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारें ४० सेकंदांत, सुमारें ३,७०० मीटर उंचीवर, तो मार्ग सोडून वळला आणि फुटून नष्ट झाला. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठीं तयार केलेले क्लस्टर नांवाचे चार उपग्रह त्याबरोबर गेले. झाक-लुई लिओन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनें जुलैमध्यें जें कारण सांगितलें, तें मननीय आहे.

अग्निबाणाची दिशा राखणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम एडा भाषेंत लिहिलेला होता, आणि तो आरियान-४ वरून आणलेला होता. त्यांत आडव्या वेगाशीं संबंध असलेली एक मोठी अपूर्णांकी संख्या लहान घरांत भरावयाची असे. त्या घरांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. संख्येची जात बरोबर आहे कीं नाहीं हें कंपायलर पाहूं शकतो; उड्डाणांत वेग किती होईल हें त्याला कोठून दिसणार? तें वेळेवरच तपासावयास हवें होतें. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या; त्यांपैकीं चारांनाच संरक्षण दिलें होतें. यंत्रावरील कामाचा बोजा शेंकडा ८० च्या आंत ठेवावयाचा होता, आणि उरलेल्या संख्या मर्यादा ओलांडणार नाहींत असें आधींच्या विचारांत ठरलें होतें. आरियान-४ पुरतें तें खरेंहि होतें. परंतु आरियान-५ चा आरंभींचा मार्ग निराळा. त्याचा आडवा वेग पुष्कळ अधिक. संख्या घरांत मावली नाहीं, यंत्र नियमाप्रमाणें बंद पडलें. आणि जोडीला ठेविलेलें दुसरें यंत्र तोच प्रोग्रॅम चालवीत असल्यामुळें तेंहि त्याच कारणानें बंद पडलें होतें. बंद पडतांना पाठविलेली दोषसूचना मुख्य संगणकानें दिशेची माहिती म्हणून वाचली. विशेष खेदाची गोष्ट ही कीं, ज्या हिशेबांत हा दोष होता, त्याचा उपयोग जमीन सोडल्यावर कांहींच नव्हता.

पुढें ते उपग्रह पुन्हां बांधून २००० सालीं सोडण्यांत आले, आणि आरियान-५ नेंहि २०२३ पर्यंत उत्तम सेवा केली. परंतु त्या चाळीस सेकंदांचा धडा प्रोग्रॅम लिहिणारांस आजहि लागू आहे. आधीं हिशेब करावा. तो वेगवान आहे आणि चुका लवकर दाखवितो. मात्र तो कोणत्या गृहीतावर उभा आहे, तें त्याच्या शेजारींच लिहून ठेवावें, आणि जागा किंवा यंत्र बदललें म्हणजे तें गृहीत पुन्हां तपासावें. मुंबईसाठीं मांडलेलें पंचांग नागपुरास नेलें तर सूर्योदय सुमारें पंचवीस मिनिटांनीं चुकतो. जाणता गृहस्थ पंचांगकर्त्याला दोष देत नाहीं. तो आपल्या गांवचें पंचांग मागवितो.