दीर्घिका आणि त्यांचा भोवताल : स्वागताध्यक्षीय भाषण

माननीय अध्यक्षमहाराज, दूरदूरच्या मुलुखांतून आलेले विद्वान प्रतिनिधी आणि पुणेकर बंधुभगिनींनो,

स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. दीर्घिकांमधील ताऱ्यांचा जन्म का थांबतो, आणि त्यात त्यांच्या भोवतालाचा वाटा किती, हा आपल्यापुढील प्रश्न मला अत्यंत जिव्हाळ्याचा वाटतो.

शीत वायूवाचून तारा जन्मत नाही. दीर्घिकासमूहाच्या अंतर्भागात कोट्यवधी अंश तापमानाचा जो विरळ वायू पसरलेला असतो, त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा वायू समोरच्या दाबाने हिरावला जातो, हे 1972 साली गन आणि गॉट यांनी दाखवून दिले. कन्या समूहातील एनजीसी 4522 या दीर्घिकेची वायूची तबकडी कडांनी नाहीशी झाली आहे, ताऱ्यांची मात्र अभंग आहे. हा त्या दाबाचाच स्पष्ट पुरावा होय. 1980 साली लार्सन, टिन्स्ली आणि कॉल्डवेल यांनी दुसरा मार्ग सुचवला : खजिना कोणी लुटू नये, पण बाहेरची आवक तेवढी बंद व्हावी आणि शिलकीवर कारभार चालत चालत अखेर तिजोरी रिती व्हावी, असा.

माझे मत या दुसऱ्या मार्गाकडे झुकते. 2015 साली पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी सुमारे 26,000 दीर्घिकांच्या वर्णपटांवरून असे दाखवले की, ताराजन्म थांबलेल्या दीर्घिकांतील तारे, तितक्याच वस्तुमानाच्या परंतु अद्याप तारे घडवणाऱ्या दीर्घिकांतील ताऱ्यांहून जड मूलद्रव्यांनी अधिक संपन्न असतात; म्हणजे नवा वायू येणे थांबल्यावरही उरलेल्या वायूतून सरासरी 4 अब्ज वर्षे तारे घडत राहिले असले पाहिजेत. वायू एकाएकी गेला असता, तर ही संपन्नता येण्यास अवकाशच मिळाला नसता. ही आवक भोवताल तोडतो की दीर्घिकेच्या गर्भातील कृष्णविवर, यावर मात्र येथे मनमोकळा वाद व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

त्या वादाचा निवाडा शेवटी हायड्रोजन वायूच्या मोजणीवरच व्हावयाचा आहे, आणि ती मोजणी येथून जवळच, नारायणगावानजीकच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीवर चालते, याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो. तिच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी 7,653 दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून, 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजन 2020 साली मोजला. नवी भर न पडती, तर तो एकदोन अब्ज वर्षांतच सरला असता, असे त्यातून निष्पन्न झाले.

प्रतिनिधींना खोडद दाखवण्याची तजवीज समितीने केली आहे. आमच्या व्यवस्थेत काही उणे आढळल्यास निःसंकोच सांगावे. आता अध्यक्षमहाराजांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांना सविनय विनंती करतो.