पीक हिरवे, म्हणजे रान नव्हे
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसाय कापडाचा. वन्यजीव हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तथापि चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसून जे ऐकले आणि अलीकडे जे वाचले, त्याचा ताळेबंद मांडण्याची आज्ञा झाल्याने उभा आहे.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधावयास मंचर, नारायणगाव, शिरूरकडील मंडळी येतात. पूर्वी ती दिवेलागणीपर्यंत निवांत बसत. चहा दोनदा होई. आता चार वाजले की घरधनी घड्याळ पाहू लागतो. "शेठ, आमची वाट उसातून आहे, अंधाराच्या आत पोचलं पाहिजे." कारण विचारावे लागत नाही. कारण बिबट्या.

येडगाव, माणिकडोह, डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून फिरले आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत जेथे बाजरी होती तेथे ऊस उभा राहिला. बाजरी तीन-चार महिन्यांत निघते. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. दाट, थंड, माणसाची ये-जा बेताची. बिबट्याला याहून अधिक काय हवे? मादी उसातच विते आणि तोडणीच्या वेळी कोयत्यापुढे पिल्ले निघतात. वन खात्याचे लोक ती पिल्ले रात्री त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि आई येऊन एकेक करून उचलून नेते. त्याची चित्रफीत मी पाहिली आहे. धंद्याची कामे बाजूला ठेवून दोनदा पाहिली.

परंतु ही कथा एवढ्यावर संपत नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. शेजारच्या अकोले तालुक्यातील त्यांच्याच अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले, त्यांत ३९ टक्के एकटी कुत्री. म्हणजे हे जनावर रानाचे न राहता आपल्या अंगणाचे झाले. मार्च २०२२ मध्ये ते चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात शिरले होते, हे आपणांस स्मरत असेल. आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन बालके होती. ज्यांच्या घरची लेकरे गेली, त्यांना अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार मला तरी नाही.

काही सुशिक्षित लोक म्हणतात, बिबटे वाढले म्हणजे वन्यजीव सुधारले. हा हिशेब चुकीचा आहे. शंभर प्रकारचे तागे असलेले दुकान आणि एकाच कापडाने भरलेले गोदाम, दोन्ही भरलेलीच दिसतात. उसात बिबट्या, कोल्हा, रानडुक्कर निभावून नेतात. चिंकारा आणि लांडगा यांना मोकळे माळरान लागते. ते उसाखाली गेले, तसेच कारखान्यांखालीही गेले. औद्योगिक वसाहत झाली म्हणून माझे दुकान चालले, हे मी लपवीत नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे.

हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर इंडोनेशिया, मलेशियात पामतेलासाठी घडला. सुमात्रा बेटावरील जांबी प्रांतात झालेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली निघाला. त्या सर्व टापूत सस्तन प्राण्यांच्या ३८ जाती आढळल्या; प्रत्यक्ष पामच्या बागांत नियमितपणे दिसल्या अवघ्या चार. दोन जातींची रानडुकरे, एक लहान रानमांजर आणि एक उदमांजर. वाघ, हत्ती, अस्वल यांचे नाव त्यांत नाही. बोर्निओ बेटावर १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिकार हे त्याचे मोठे कारण. जंगल तोडून झालेल्या बागा हे दुसरे.

आता हे तेल जाते कोठे? भारत हा त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. फरसाण, बिस्किटे, वनस्पती तूप, साबण. पुडक्यावर हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. तो ठिपका पुडक्यात काय आहे ते सांगतो. ते कोणत्या जमिनीवर पिकले, हे सांगत नाही.

तर मग पामतेल टाकून द्यावे काय? येथे व्यापारी म्हणून मला थांबावे लागते. एका हेक्टरात पामचे तीन टनांहून अधिक तेल निघते, सोयाबीनचे अर्धा टनही कष्टाने. सर्वांनी सोयाबीन धरले तर जमीन कितीतरी पटींनी जास्त लागेल आणि तीही कुठून तरी तोडूनच यावयाची. म्हणून प्रश्न झाडाचा नसून जमिनीचा आहे. गोदावरीकाठच्या जुन्या शेतांत पाम लावणे वेगळे आणि ईशान्येच्या डोंगरी जंगलात लावणे वेगळे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पाम अभियान मंजूर केले, त्यात भर ईशान्य भारत आणि अंदमानावर आहे. माझी शंका नेमकी तेथे आहे.

जंगल न तोडता काढलेल्या पामतेलास प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था २००४ पासून आहे. तिच्यातही त्रुटी दाखविल्या जातात. पण आमच्या घाऊक बाजारात असे प्रमाणपत्र कोणी मागतच नाही. मागितले तर देणारा शोधू लागेल, इतपत बाजार मला कळतो. आपल्या भोजनशाळेत वर्षाला तेलाचे किती डबे येतात, त्यांत पाम किती आणि मिठाई-फरसाण बाहेरून येते ते कशात तळलेले असते, याचा हिशेब मी कार्यवाहांकडे मागितला आहे. तो पुढील सभेत विश्वस्तांपुढे ठेवीन.

जय जिनेंद्र.