नुसतं ‘पेन’ म्हणून भागत नाही
आमच्या गटातली एक जण सासूबाईंना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना मराठी येईना आणि हिला इंग्रजीत ‘पेन’पलीकडे काही सुचेना. छातीवर दडपण येतंय, हे बाकावरच्या एका मुलीने इंग्रजीत सांगितलं म्हणून निभावलं.

तेव्हापासून आम्ही सुटे शब्द नाही, अख्खे शब्दप्रयोग शिकतो. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग पेन’. छातीवरचं दडपण म्हणजे ‘टाइटनेस इन द चेस्ट’. धाप लागली तर ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ’. आपल्या पायाला मुंग्या येतात; इंग्रजीत मात्र ‘पिन्स अँड नीडल्स’, म्हणजे टाचण्या आणि सुया!

आधी मराठीत नेमकं काय होतंय ते ओळखायचं, मग इंग्रजी जोड शोधायची. रोज एकच, पण मोठ्याने म्हणून. तुम्हीही आजपासून सुरू करा.