बाळाची नोंद, एकवीस दिवसांत



औंढा किंवा सेनगावची लेक बाळंतपणासाठी हिंगोलीच्या एखाद्या खासगी दवाखान्यात येते. बाळ होतं, पेढे वाटले जातात, मंडळी गावी परततात.

जन्माचा दाखला मात्र गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही.

कारण साधं आहे. बाळ जिथे जन्मलं, तिथेच त्याची नोंद होते. शहरातल्या त्या दवाखान्यातून माहिती नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे जाते.

जन्मानंतर 21 दिवसांच्या आत दिलेली माहिती विनाशुल्क नोंदवली जाते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. वर्ष उलटलं, तर थेट वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.

बारसं व्हायचंय म्हणून थांबू नका. बाळाच्या नावाशिवायही नोंद होते. नाव नंतर घालता येतं.

खरी गफलत होते ती दवाखान्याच्या फॉर्मवर. आधार कार्डावर आईचं नाव ‘कौशल्या’ आणि फॉर्मवर ‘कौशल्याबाई’. घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. अडचण उभी राहते ती शाळाप्रवेशाच्या वेळी. म्हणून सही करण्याआधी फॉर्म वाचून घ्या, किंवा कुणाकडून वाचून घ्या.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखला अधिकच मोलाचा झाला आहे. शाळा, मतदार यादी, वाहन परवाना, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो.

दाखल्यासाठी अर्ज केलात, की पोच जरूर घ्या. लोकसेवा हक्क कायद्याने ती तुमच्या हक्काची आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर त्याच पोचीवर अपील करता येतं.

तेव्हा पुन्हा सांगतो, 21 दिवस. घरात बाळ आलं असेल, तर नोंद झाली का, एवढं आजच दवाखान्यात विचारा.