पैठण ते तेर : पाश्चात्त्य संस्कृतीच्या वाटेवरचा एक मुलूख

पाश्चात्त्य संस्कृतीची कथा अथेन्सपासून सुरू होऊन रोममार्गे पॅरिस-लंडनला पोहोचते, अशी सर्वसाधारण मांडणी असते. या कथेला दख्खनपर्यंत पोहोचलेले फाटे होते. त्यांपैकी एक आजच्या बीड जिल्ह्यातून जात असला पाहिजे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी माहितीपुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या पेठा येतात : पैठण आणि तगर, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेकडे तगर दहा दिवसांवर. नकाशावर या दोन गावांमध्ये रेघ ओढली, तर बीड जवळजवळ मध्यावर येते. गोदावरी ओलांडायची, बालाघाटचे डोंगर चढायचे आणि तेरणा नदीच्या बाजूला उतरायचे, हीच जवळची वाट. पैठणचा अकीक आणि तगरचे सुती कापड गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जाई. उलट इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी त्या बंदरात उतरत. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने करून ठेवली आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला मिळाली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. सुबत्तेच्या काळातल्या रोमन घरात दख्खनच्या धर्तीची कलाकुसर होती, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल.

476 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले. ग्रीक ग्रंथांचे मोठे भांडार पुढे बगदादच्या अरबी भाषांतरांत आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये टिकले. भारतीय अंकपद्धतीही अरबांच्याच हातून युरोपात पोहोचली. पिसाचा गणिती फिबोनाची याने 1202 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि इटलीच्या व्यापाऱ्यांचा हिशेब हळूहळू बदलू लागला. परंपरेनुसार त्याच सुमारास, 1188 मध्ये, मुकुंदराजांनी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला ‘विवेकसिंधु’ हा मराठी ग्रंथ पूर्ण केला.

1492 मध्ये कोलंबस अमेरिकेला पोहोचला, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, आणि 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेले. या घडामोडींचा मराठवाड्यावरचा सर्वांत खोल परिणाम शेतात आणि ताटात दिसला. मिरची, भुईमूग, मका, पेरू, तंबाखू ही सगळी अमेरिकेची पिके. त्याआधीच्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्याचा आणि सुंठेचा होता. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर सहज वाढणारे सीताफळ मुळात अमेरिकेतलेच. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

प्रबोधनकाळाचे मुख्य हत्यार असलेला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि ते 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्याचे समकालीन संतकवी दासोपंत (1551 ते 1615) अंबाजोगाईत ‘गीतार्णव’ हा सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ग्रंथ लिहीत होते, तर ‘पासोडी’ ही रचना त्यांनी लांबलचक कापडावर उतरवली. ओवी दोघांचीही, पण एकाची छापली गेली आणि दुसऱ्याची हाताने उतरवून घ्यावी लागली. गोव्यातला छापखाना धर्मप्रचाराच्या कामापुरताच राहिला, घाटावरच्या मराठीपर्यंत तो पोहोचला नाही. मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण बंगालमध्ये श्रीरामपूरला छापले गेले, ते थेट 1805 मध्ये.