चांदीच्या पत्र्यावरचा फोटो
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



रौप्यमहोत्सव आहे म्हणून चांदीचीच गोष्ट सांगतो. ताटवाटीच्या चांदीची नाही, फोटोच्या.

१८५२ साली आपल्या पनवेलला नगरपालिका आली. त्याच सुमाराला मुंबईत ग्रँट रोडला विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने फोटोचा धंदा मांडला. मूळचा सरकारी नोकर. तेव्हा पनवेलचा माणूस बंदरातून होडीने मुंबईला जायचा आणि पुण्याला जाणारेही इथूनच बोरघाट चढायचे. मुंबई वाढत होती, पैसेवाले वाढत होते, आणि पैसेवाल्याला आपला चेहरा जपून ठेवायला आवडतो.

जॉन्सनची सुरुवातीची पद्धत डागेरोटाइपची. पॅरिसच्या लुई डागेरची ही युक्ती १८३९ मध्ये जगजाहीर झाली होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा. तो आरशासारखा घासायचा, आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालायचा. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. नंतर पत्रा गरम पाऱ्याच्या वाफेवर धरला की चेहरा उमटायचा. आज कुणी बाल्कनीत हे केलं तर सेक्रेटरीसाहेब नोटीसच काढतील!

फोटो देखणा यायचा, पण एकच. निगेटिव्ह नाही, म्हणजे दुसरी कॉपी नाही. चार भावांत फोटो ठेवायचा कुणाकडे, हा प्रश्न तेव्हा किती घरांत झाला असेल! जॉन्सनने थोड्याच वर्षांत ते सोडलं आणि काचेची निगेटिव्ह व कागदी प्रिंट यांकडे वळला. मला वाटतं, त्याची खरी हुशारी इथेच होती.

१८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. संस्थापकांत जॉन्सन होता. आपली माणसंही मागे नव्हती. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी नावाजलेले फोटोग्राफर होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

जॉन्सनने १८५६ पासून विल्यम हेंडरसनबरोबर दरमहा फोटोंचा अल्बम काढला. मग १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून मुंबईच्या लोकांवरचे दोन खंड आले. त्यात एक गंमत आहे. माणसांचे फोटो वेगळे घेतलेले, मागचा देखावा वेगळा, आणि दोन्ही जोडलेले. म्हणजे मुलं मोबाईलवर आज करतात तेच!

पण ती चित्रं बघताना मला एक गोष्ट टोचते. बहुतेकांखाली जात लिहिली आहे, नाहीतर धंदा. नाव नाही. कुणाची तरी पणजी असणार, खापरपणजोबा असणार. घरच्यांनासुद्धा ओळखता येणार नाहीत.

आता आपलं बघा. सोसायटीचा जुना अल्बम २००५ च्या पावसात भिजला. भूमिपूजनाचा फोटो वाचला. त्यात अकरा माणसं आहेत. आठ जण आम्ही ज्येष्ठांनी ओळखले. उजवीकडे घमेलं घेतलेल्या बाई, त्यांच्याजवळ उभा मुलगा आणि मागे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ कोण, ते सापडत नाही. फोटो मोठा करून ऑफिसबाहेर लावला आहे, खाली वही आणि पेन आहे. तुमच्या घरच्या आजी-आजोबांना एकदा तिथवर घेऊन या. गुडघे दुखत असतील तर वॉचमन खुर्ची देईल, त्याला सांगून ठेवलं आहे.