नशीब आधी, निर्णय नंतर

पडद्यावर पत्ते दिसले की घरातली वडीलधारी मंडळी सावध होतात. पत्ते म्हणजे जुगार, ही गाठ आपल्या मनात पक्की बसली आहे आणि ती काही उगीच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपायी अनेक घरं अडचणीत आली आणि २०२५ मध्ये संसदेनं अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आज ज्या खेळांविषयी बोलायचं आहे ते मात्र निराळे. हे लढाईचे व्हिडिओ गेम आहेत, बुद्धिबळासारखे पाळीपाळीनं चाली करून खेळायचे. फरक इतकाच की इथं मारायचं, वाचवायचं, ढकलायचं ते हातातलं एकेक पान टाकून.

खेळात नशीब दोन जागी बसू शकतं. सारीपाटात आधी कवड्या पडतात, मग कोणती सोंगटी हलवायची ते आपण ठरवतो. रमीतही आधी पानं येतात, मग आपण डोकं चालवतो. म्हणजे नशीब आधी, निर्णय नंतर. लॉटरीचं उलट आहे. तिकीट आपण घेतो आणि पुढचं सारं सोडतीच्या हाती. निर्णय आधी, नशीब नंतर.

अमेरिकेतल्या फिरॅक्सिस या कंपनीनं २०१२ मध्ये ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ हा गेम आणला. त्याचे प्रमुख रचनाकार होते जेक सॉलोमन. परग्रहावरून आलेल्या शत्रूशी आपल्या सैनिकांची छोटी तुकडी लढते. नेम धरला की पडद्यावर आकडा येतो: गोळी लागण्याची शक्यता ८५ टक्के. आपण बटण दाबतो, गोळी हुकते आणि पुढच्याच पाळीत आपला सैनिक मरतो. मग खेळाडू चिडतो, संगणक लबाड आहे म्हणतो.

हिशेब करून पाहा. ८५ टक्के म्हणजे साधारण सातांतली एक गोळी हुकणारच. सलग सातही गोळ्या लागण्याची शक्यता तर तीनांत एकापेक्षा कमी. पण आपल्या मनाला ८५ हा आकडा ‘नक्की’ असाच ऐकू येतो. गंमत म्हणजे २०१६ च्या ‘एक्सकॉम २’ मध्ये सोप्या पातळीवर संगणक खरोखरच लबाडी करतो, पण खेळाडूच्या बाजूनं! दाखवलेल्या आकड्यापेक्षा खरी शक्यता जास्त ठेवलेली असते, हे सॉलोमन यांनीच सांगितलं आहे. खरा आकडा खोटा वाटतो, म्हणून खोटा आकडा दाखवायचा!

इकडे टेबलावरच्या पत्त्यांत वेगळंच काही घडलं होतं. २००८ मध्ये डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा ‘डोमिनियन’ हा खेळ आला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा पुरस्कार मिळाला. आपल्या रमीत कॅट सगळ्यांचा मिळून असतो. इथं प्रत्येकाचा कॅट स्वतःचा, सुरुवातीला अवघ्या दहा पानांचा. खेळातल्याच नाण्यांनी नवी पानं घ्यायची आणि तो वाढवायचा. थोडक्यात, पुढं आपल्या हाती कोणती पानं येणार याची तजवीज आपणच करायची.

व्हिडिओ गेममध्ये ही कल्पना गाजवली ती २०१९ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या ‘स्ले द स्पायर’नं. यातल्या एका योद्ध्याचा कॅटही दहा पानांचा, आणि दर पाळीला पाच पानं हाती येतात. लढाई जिंकली की तीन नव्या पानांतलं एक घ्यायला मिळतं. नवखा खेळाडू प्रत्येक वेळी घेतोच. फुकट मिळतंय, मग का सोडा? पण दहा पानांच्या कॅटमध्ये तुमचं हुकमी पान दुसऱ्या पाळीपर्यंत येतंच. कॅट वीस पानांचा झाला की त्याच पानासाठी चार पाळ्या थांबावं लागू शकतं. म्हणून जाणता खेळाडू कधी कधी तिन्ही पानं नाकारतो. इतकंच काय, असलेलं पान काढून टाकण्यासाठी खेळातले पैसेही मोजतो.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या सॉलोमन यांच्याच ‘मार्व्हल्स मिडनाइट सन्स’मध्ये. हा गेम डिसेंबर २०२२ मध्ये आला. यात गोळी लागण्याची टक्केवारी नाहीच. आयर्न मॅन, स्पायडर मॅन यांसारखे तीन वीर लढायला न्यायचे, प्रत्येकाची आठ पानं. चोवीस पानं एकत्र पिसली जातात. दर पाळीला साधारण तीन पानं टाकायची, दोन बदलून घ्यायची आणि एकदा एका वीराची जागा हलवायची. पान टाकण्याआधी कुणाला किती मार बसेल ते दिसतं. कुणाला कुठं ढकललं तर तो दुसऱ्यावर आपटेल, तेही जोखता येतं. ही पानं खऱ्या पैशानं विकत मिळत नाहीत. समीक्षकांनी कौतुक केलं, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. वीरांच्या लढाईत पत्ते कशाला, असं अनेकांना वाटलं.

मला मात्र हा बदल मोलाचा वाटतो. गोळी हुकली तर नशिबाला बोल लावता येतो. पानं समोर उघडी असताना, परिणाम दिसत असताना हरलो, तर कोणतं पान आधी टाकायला हवं होतं हे शोधावंच लागतं. हातात वाईट पानं आली ही तक्रारसुद्धा फार टिकत नाही, कारण तो कॅट आपणच बांधलेला असतो.

तेव्हा पालकांनो, मूल पडद्यावर पत्ते खेळताना दिसलं तर त्याला दोनच गोष्टी विचारा. यात खरे पैसे जातात का? आणि तू ठरवतोस ते नशिबाचं दान पडण्याआधी, की पडल्यानंतर? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘पडल्यानंतर’ असेल, तर शेजारी बसा आणि एखादा डाव बघा. त्यानं कोणतं पान नाकारलं आणि का, ते त्याच्याच तोंडून ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)